तांबेऱ्याचा माग काढणारे डॉ. करमचंद मेहता

आम्ही मूळचे कोंकणपट्टीतले, भाताच्या मुलखात वाढलेलो. गव्हाचे शेत जवळून पाहिले ते लालबागेस आल्यावरच. येथील विद्यार्थ्यांना मात्र गेरवा अथवा तांबेरा हा शब्द घरीच परिचित असतो. रोगट गव्हावरून हात फिरवावा, तर बोटांना तांबूस भुकटी लागते. ती भुकटी म्हणजे एका बुरशीचे असंख्य बीजाणू होत. ते दरवर्षी येतात तरी कोठून? या प्रश्नापायी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या डॉ. करमचंद मेहता यांचा हा अल्प परिचय.

करमचंदांचा जन्म १८९२ साली अमृतसर येथे झाला. आग्रा कॉलेजात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२२ साली त्यांनी केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली.

त्या काळी पाश्चात्त्य ग्रंथांचे उत्तर ठरलेले होते. जर्मन शास्त्रज्ञ द बारी यांनी १८६५ साली सिद्ध केले होते की, गव्हावरील काळा तांबेरा आपल्या आयुष्याचा काही काळ बार्बेरी नामक रानटी, काटेरी झुडपावर घालवितो. अमेरिकेने १९१८ साली ही झुडपे उपटून काढण्याची मोहीमच उघडली. पुढे १९२७ साली कॅनडात क्रेगी यांना आणखी एक नवल आढळले. बार्बेरीच्या रोगट पानावर मधासारखा गोड द्रव जमतो. तो चाखावयास येणाऱ्या माश्या एका ठिपक्यावरील सूक्ष्म कण दुसऱ्यावर नेतात, आणि मगच बुरशीची पुढील अवस्था जन्मास येते. फुलांसाठी मधमाशी जे करते, तेच येथे माशी रोगासाठी करते!

आपल्या हिमालयात बार्बेरीचीच बहीण, दारुहळद, विपुल आहे. मग तिलाच दोषी ठरवावे काय? मेहतांनी तसे गृहीत धरले नाही. त्यांनी डोंगर व मैदाने यांची वर्षानुवर्षे पाहणी केली. काचपट्ट्यांवर हवेतील बीजाणू पकडून तपासले. मैदानातील उन्हाळ्याच्या दाहात बीजाणू जगत नाहीत, असे त्यांना दिसून आले. मात्र हिमालयात आणि दक्षिणेतील निलगिरी व पळणी डोंगरांत, थंड हवेच्या आश्रयाने, बिगरहंगामी गव्हावर व आपोआप उगवलेल्या रोपांवर तांबेरा तग धरून राहतो. तेथून वारा त्यास मैदानात आणतो. पानावर दव आणि हवेत बेताची ऊब मिळाली की रोग पसरतो. दारुहळद निर्दोष ठरली. येथे माशीची गरजच नव्हती. वाहक होता वारा. हे निष्कर्ष त्यांनी १९४० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

डोंगरांतील बिगरहंगामी पीक काही काळ थांबवावे आणि रोगास दाद न देणारे वाण निर्माण करावे, असे त्यांचे सांगणे होते. त्याची निकड किती होती, हे १९४६-४७ साली कळून आले. त्या हंगामात तांबेऱ्याने मध्य भारतातील गव्हाची धूळधाण केली. १९५० साली मेहता निवर्तले. सिमल्याच्या फ्लॉवरडेल येथील त्यांच्या प्रयोगशाळेत तांबेऱ्याचे संशोधन आजही चालू आहे.

विद्यार्थिमित्रांनो, परदेशी ग्रंथ खोटे नव्हते. ते दुसऱ्या भूमीविषयी खरे होते. आपल्या भूमीचे उत्तर आपल्याच शेतात व डोंगरांत शोधावे लागते, हे मेहतांनी ओळखले. येत्या हिवाळ्यात गव्हाच्या बांधावर उभे राहाल, तेव्हा वारा कोणत्या दिशेने येतो, तेवढे अवश्य पाहा.