पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली

महाड-पोलादपूरच्या डोंगरांत वाढलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस पाखरे परकी नाहीत. परंतु त्यांजकडे कसे पाहावे हे ज्यांनी साऱ्या देशास शिकविले, त्या थोर पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

सलीम अली यांचा जन्म मुंबईस १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. मातापित्यांचे छत्र लवकरच हरपल्याने मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. त्यांचे प्राथमिक शिक्षण गिरगावातील एका मिशनरी शाळेत झाले, याचा आम्हांस विशेष आनंद वाटतो. बालपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग पाहून ते ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील चिटणीस मिलार्डसाहेब यांनी त्या मुलास प्रेमाने सारा पक्षिसंग्रह दाखविला, आणि त्याच्या आयुष्यास दिशा लाभली.

जर्मनीत अध्ययन करून ते १९३० साली परतले, तेव्हा नोकरी नव्हती. आपल्याच जिल्ह्यातील किहीम येथे राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर अर्धे घरटे विणतो व मादीने ते पसंत केल्यावरच पुरे करतो, हे त्यांनी धीराने टिपले.

आसामातील जटिंगा गावी धुक्याच्या काळोख्या रात्री पाखरे दिव्यांवर झेपावत. लोक त्यांस भुते समजून मारीत. १९६० नंतरच्या दशकात निसर्गप्रेमी ई. पी. गी यांजसह सलीम अली तेथे गेले व हा प्रकार जगापुढे आला.

अंधार पडताच पक्ष्याच्या मेंदूत मेलाटोनिन नामक द्रव्य स्रवते व शरीरास रात्र कळते. दिव्यांच्या उजेडाने ते घटते व झोप मोडते. आपल्या देशात कावळ्यांवर प्रयोग झाले, तेव्हा उजेडात रात्री काढणारे कावळे उदास झाले व त्यांच्या मेंदूच्या स्मृतिकेंद्रातही बदल आढळला. आज सावित्रीच्या खोऱ्यातही रस्त्यांचे व कारखान्यांचे दिवे रात्रभर जळतात.

पद्मविभूषण सलीम अली २० जून १९८७ रोजी निवर्तले. विद्यार्थी मित्रहो, निजण्यापूर्वी अंगणातला अनावश्यक दिवा मालवा. झाडावरच्या पाखरांस त्यांची रात्र परत मिळेल. त्या महात्म्याचे याहून सोपे स्मारक आम्हांस सुचत नाही.