हंसा वाडकर

हंसा वाडकर (मूळ नाव: रतन साळगावकर, १९२३ – १९७१) या मराठी व हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री होत्या. सोशिक सून आणि तमाशातील कलावंतीण अशा दोन्ही प्रकारच्या भूमिका त्यांनी गाजविल्या. 'सांगत्ये ऐका' हे त्यांचे आत्मकथन मराठी स्त्रियांच्या आत्मचरित्रांत महत्त्वाचे मानले जाते.

बालपण आणि पदार्पण

त्यांचा जन्म मुंबईत एका कलावंत घराण्यात झाला. घरातील आर्थिक ओढाताणीमुळे त्यांना लहान वयातच चित्रपटांत काम करावे लागले. 'विजयाची लग्ने' (१९३६) हा त्यांचा पहिला चित्रपट होय.

चित्रपट कारकीर्द

प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत सखू' (१९४१) या चित्रपटातील शीर्षक भूमिकेने त्यांना मोठी कीर्ती मिळाली. सासरी राबणारी आणि छळ सोसणारी सखू विठ्ठलाच्या ओढीने पंढरपूरला जाते, तेव्हा स्वतः विठ्ठल तिचे रूप घेऊन तिच्या वाट्याची कामे करतो, अशी ही कथा आहे. घरकामाचे कर्तव्य आणि स्त्रीच्या मनाची ओढ यांतील संघर्ष येथे भक्तीच्या मार्गाने मिटतो. 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) आणि अनंत माने दिग्दर्शित 'सांगत्ये ऐका' (१९५९) हे त्यांचे अन्य उल्लेखनीय चित्रपट होत.

वैवाहिक जीवन

त्यांचा विवाह जगन्नाथ बंदरकर यांच्याशी झाला. विवाहानंतर चित्रपट सोडून संसार करावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु घर त्यांच्या कमाईवर अवलंबून असल्याने ती पूर्ण झाली नाही, असे त्यांच्या आत्मकथनावरून दिसते. पुढे घर सोडून त्या काही काळ मराठवाड्यातील एका कुटुंबात राहिल्या. तेथे त्यांना संसार मिळाला, पण मोकळेपणा राहिला नाही. अखेर पतीला कळवून त्यांनी तेथून आपली सुटका करून घेतली. मद्याचे व्यसन व आजारपण यांमुळे त्यांचा उत्तरकाळ कष्टाचा गेला.

आत्मकथन आणि 'भूमिका'

त्यांच्या आठवणी अरुण साधू यांनी शब्दबद्ध केल्या. 'माणूस' नियतकालिकातून त्या प्रसिद्ध झाल्या आणि १९७० मध्ये पुस्तकरूपाने आल्या. पुस्तकाला त्यांच्याच गाजलेल्या चित्रपटाचे नाव देण्यात आले. आपल्या चुका, इच्छा आणि सोसलेले अन्याय त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितल्यामुळे हे पुस्तक वेगळे ठरले.

या आत्मकथनावर आधारित 'भूमिका' (१९७७) हा हिंदी चित्रपट श्याम बेनेगल यांनी दिग्दर्शित केला. त्यातील उषा या प्रमुख भूमिकेसाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. स्वतःच्या घराच्या शोधात असलेली उषा अखेरीस हॉटेलच्या खोलीत एकटीच राहते. 'संत सखू'मध्ये दिसतो तसा दैवी तोडगा या चित्रपटात नाही. घर चालविणाऱ्या स्त्रीला त्या घरात स्थान कोणते, हा प्रश्न तो प्रेक्षकांपुढे ठेवतो.