कार्व्हर यांची चूल

वीणा गवाणकर यांच्या १९८१ सालच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकाने जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी घराघरांत पोहोचले. पण आमच्या लक्षात राहिले ते भुईमुगापासून शेकडो वस्तू बनवणारे शास्त्रज्ञ. गरिबाच्या चुलीपाशी जाऊन बसलेले कार्व्हर आम्ही विसरलो, आणि त्यांचे खरे मोठेपण आम्हाला तिथेच दिसते.

१८६४ च्या सुमारास मिसुरीत गुलाम आईच्या पोटी त्यांचा जन्म झाला. टोळीवाल्यांनी मायलेकरांना पळवले. लेकरू परत मिळाले, आई मिळालीच नाही. प्रकृतीने नाजूक म्हणून मालकिणीने या मुलाला शेतात न धाडता रांधणे, धुणे, शिवणे शिकवले. त्याच कामांवर पोट भरत ते शिकत गेले. कॅन्ससमधील एका महाविद्यालयाने त्यांना पत्राने प्रवेश दिला आणि दारात आल्यावर कातडीचा रंग पाहून नाकारला. हे दार आमच्या वाचकांच्या ओळखीचे आहे. पुढे १८९६ मध्ये आयोवातून एम.एस. होऊन, बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून ते अलाबामातील टस्कीगी संस्थेत आले.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना. पण मुक्त झालेल्या बहुतेकांच्या हाती जमीन आली नाही. ते मालकाचे रान वाट्याने कसत. मक्याचे पीठ, खारवलेली चरबी आणि काकवी दुकानातून उधार आणायची. हंगामाअखेर कापूस मालकाच्या घरी, वहीतले कर्ज मात्र तसेच. झोपडीच्या उंबऱ्यापर्यंत कापूस लावलेला, भाजीच्या वाफ्याला जागा नाही. नुसत्या मक्यावर जगणाऱ्यांना पेलाग्रा जडे. कातडी सोलवटे, माणूस भ्रमिष्ट होई.

कार्व्हर यांनी या उधारीच्या वहीवरच घाव घातला. चवळी, रताळे, भुईमूग लावा. जमिनीचा कस वाढेल आणि घरात खायलाही होईल, असे त्यांनी सांगितले. १९०६ पासून खेचरांची गाडी अवजारे, बियाणे घेऊन खेड्यापाड्यांत फिरू लागली. बाबासाहेबांनी कोलंबिया सोडले त्याच वर्षी, १९१६ मध्ये, भुईमुगाच्या १०५ पाककृतींची त्यांची पुस्तिका निघाली. सूप, पाव, बिस्किटे, केक सगळे त्यात आहे. अनेक कृती इतर पुस्तकांतून, मासिकांतून घेतल्याचे त्यांनी मोकळेपणाने नोंदवले. आम्हाला आवडते ती बिनकोंबडीची कोंबडी: दाण्यांचे तेल सुटेपर्यंत वाटण करायचे, त्यात अंडे आणि मीठ घालायचे, उकडलेल्या रताळ्याच्या चकत्यांवर ते थापायचे, अंड्याच्या पांढऱ्यात बुडवून तळायचे. सगळे जिन्नस परसातले. पहिल्या महायुद्धात गव्हाची टंचाई झाली, तेव्हा वाळवलेल्या रताळ्याचे पीठ गव्हात मिसळून पाव भाजण्याची रीत दाखवायला १९१८ मध्ये सरकारने त्यांना वॉशिंग्टनला बोलावले. युद्ध संपले, गहू स्वस्त झाला, आणि रताळ्याचा पाव सरकार विसरले.

काटकसरीचे गोडवे आम्ही गाणार नाही. आमच्या आया-बहिणींनी चुलीवर जन्मभर ती केलेली आहे आणि ती हौसेने केलेली नाही. कार्व्हर यांची काटकसर वेगळी वाटते, कारण ती मालकाच्या दुकानाची पायरी चुकवण्यासाठी होती. तरीही पाककृतीने सातबारा बदलत नाही. वर्णद्वेषाविरुद्ध ते उघडपणे फारसे बोलले नाहीत, त्यामुळे गोऱ्या वर्तमानपत्रांना या निरुपद्रवी भुईमूगवाल्या संताचे कौतुक करणे सोपे गेले. त्यांनी न लावलेला पीनट बटरचा शोधही त्यांच्या नावावर चढला.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, त्यांची रानभाज्यांवरची पुस्तिका आली. बांधावरचे तण उपटून टाकू नका, शिजवून खा, असे तिचे सांगणे होते. ५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगीत त्यांचे निधन झाले. विटके कोट घालून साठवलेली जन्माची पुंजी त्यांनी तिथल्याच संशोधनासाठी देऊन टाकली होती.