शिक्षक हॉलंड आणि त्यांची पाणबुडी

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील लिस्कॅनर या खेड्यात १८४१ साली जॉन फिलिप हॉलंड यांचा जन्म झाला. वडील ब्रिटिश किनारारक्षक दलात नोकरीस होते. बटाट्याचे पीक बुडून पडलेला भीषण दुष्काळ हॉलंड यांच्या बालपणातलाच. पुढे एका ख्रिस्ती अध्यापक संघात राहून त्यांनी शाळांतून शिकविले. १८७३ साली संघ सोडून ते अमेरिकेस गेले. तेथे बर्फावरून घसरून त्यांचा पाय मोडला. त्या सक्तीच्या विश्रांतीत पाणबुडीचा जुना आराखडा त्यांनी पुन्हा हाती घेतला. न्यू जर्सीतील पॅटरसन येथे शिक्षकी करीत असताना, १८७५ साली, तो त्यांनी अमेरिकी नौदलाकडे धाडला. नौदलाने तो अव्यवहार्य ठरविला.

मग ब्रिटिश सत्तेशी झुंजणाऱ्या फेनियन या आयरिश क्रांतिकारकांनी पैसा पुरविला. १८८१ साली 'फेनियन रॅम' ही नौका पाण्यात उतरली. परंतु पैशांवरून वाद पेटला आणि १८८३ साली फेनियनांनीच ती पळवून नेली. त्यांना ती धड चालविताही येईना!

हॉलंड यांचे खरे मर्म बुडण्याच्या रीतीत होते. नुसते वजन वाढवून नौका सरळ खाली बसविणे त्यांना मान्य नव्हते. टाक्या काठोकाठ भरावयाच्या, म्हणजे आतले पाणी हिंदकळून तोल ढळत नाही. तरीही तरंगण्याची किंचित ओढ शिल्लक ठेवावयाची. मग पुढे जाण्याच्या वेगात शेपटीकडील आडव्या सुकाणूंनी नाक खाली वळवावयाचे. यंत्र बंद पडले तर नौका आपोआप वर येई. १८९७ साली पाण्यात उतरलेल्या सुमारे १६ मीटर लांबीच्या 'हॉलंड' नौकेत पृष्ठभागावरील प्रवासासाठी ४५ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते, पाण्याखाली विद्युतघटांवर चालणारी मोटार आणि पुढे पाणतीराची एक नळी. ही इंजिन-मोटारीची जोडी पुढे अर्धे शतक पाणबुड्यांनी सोडली नाही.

११ एप्रिल १९०० रोजी अमेरिकी नौदलाने ती दीड लाख डॉलरांस घेतली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश नौदलाची पहिली पाणबुडी पाण्यात उतरली, तीही हॉलंड यांच्याच आराखड्यावरची. ज्या आरमाराविरुद्ध तिची कल्पना वाढली, त्याच आरमाराच्या ताफ्यात ती गेली. एकस्वे कंपनीच्या हाती होती. १९०४ साली हॉलंड कंपनीतून बाहेर पडले आणि स्वतःच्याच शोधावर त्यांचा हक्क उरला नाही.

१२ ऑगस्ट १९१४ रोजी न्यूअर्क येथे त्यांचे निधन झाले. महायुद्ध नुकतेच सुरू झाले होते. २२ सप्टेंबरला एकाच जर्मन पाणबुडीने सकाळच्या दोनएक तासांत तीन ब्रिटिश क्रूझर बुडविल्या. चौदाशेहून अधिक खलाशी प्राणास मुकले.