चष्मा, हेल्मेट आणि डॉ. केअर्न्स

दुचाकीवर बसताना हेल्मेट घालावे, हा सल्ला आता इतका ओळखीचा झाला आहे की त्यामागे कोणा डॉक्टरची अनेक वर्षांची मोजदाद आहे, हे सहसा लक्षात येत नाही. त्या डॉक्टरांचे नाव सर ह्यू केअर्न्स. चष्मा दाबतो म्हणून हेल्मेट सैल घेणाऱ्यांनी किंवा ते हँडलला अडकवून फिरणाऱ्यांनी त्यांचे काम जरूर समजून घ्यावे.

केअर्न्स यांचा जन्म २६ जून १८९६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट पिरी येथे झाला. वडील लाकूडकाम करत. मुलगा हुशार निघाला. ॲडलेड विद्यापीठात वैद्यकीचे शिक्षण चालू असतानाच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि तो सैन्याच्या रुग्णसेवेत दाखल झाला. पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून केअर्न्स ऑक्सफर्डला गेले. केंब्रिजविरुद्धच्या १९२० च्या प्रसिद्ध नौकाशर्यतीत ते ऑक्सफर्डच्या चमूत होते. १९२६ मध्ये ते अमेरिकेतील बोस्टनला गेले आणि आधुनिक मेंदू शस्त्रक्रियेचे प्रवर्तक हार्वी कुशिंग यांच्या हाताखाली वर्षभर शिकले. तिथून परतल्यावर त्यांनी लंडनमध्ये केवळ मेंदूच्या शस्त्रक्रियेला वाहून घेतले.

१३ मे १९३५ रोजी इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात एक मोटारसायकल घसरली. सायकलवरच्या दोन मुलांना वाचवताना चालकाचा ताबा गेला होता. चालक होते ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगाला ठाऊक असलेले टी. ई. लॉरेन्स. डोक्यावर हेल्मेट नव्हते. मेंदूला जबर मार बसला आणि सहा दिवस बेशुद्धावस्थेत राहून वयाच्या ४६ व्या वर्षी ते गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत केअर्न्स होते. एवढे कौशल्य हाताशी असूनही करण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. अशा इजेवर खरा उपाय शस्त्रक्रियागृहात नसून अपघाताच्या आधीच करायला हवा, या दिशेने केअर्न्स यांचे पुढचे काम झाले.

१९३७ मध्ये ते ऑक्सफर्डला शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले. दुसरे महायुद्ध पेटल्यावर तेथील सेंट ह्यूज कॉलेजात डोक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी रुग्णालय उघडले गेले. लष्करात निरोप पोचवणारे मोटारसायकलस्वार मोठ्या संख्येने होते आणि त्यांचे अपघातही वारंवार होत. केअर्न्स यांनी आकडे जमवले. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले लोक रस्त्यांवर दगावले होते. त्यात डोक्याला झालेली इजा हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण होते. हेल्मेट घातलेले जखमी स्वार त्यांना फक्त सात आढळले आणि ते सातही जण वाचले होते. ऑक्टोबर १९४१ मध्ये हा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. पुढच्याच महिन्यात कामावरील लष्करी मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले.

सात हा आकडा लहान होता. त्यामुळे केअर्न्स तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांच्यासोबत होल्बर्न नावाचे भौतिकशास्त्रज्ञ काम करत होते. डोके जोरात फिरले की आतला मऊ मेंदू कसा ताणला जातो, हे त्यांनी जिलेटिनच्या प्रतिकृतींवर दाखवले. १९४६ मध्ये केअर्न्स यांनी युद्धकाळातील दरमहाचे मृत्यू मांडले, तेव्हा सक्तीनंतर आलेला उतार स्पष्ट दिसत होता. त्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १८ जुलै १९५२ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ब्रिटनमध्ये सर्वसामान्य चालकांना हेल्मेटसक्ती झाली ती त्यानंतर २१ वर्षांनी, १९७३ मध्ये.

हेल्मेट दोन गोष्टी करते. बाहेरचे कडक कवच धक्का पसरवते. आतला थर, म्हणजे आजच्या हेल्मेटमधले थर्मोकोलसारखे अस्तर, चेपला जातो आणि डोके थांबायला किंचित जास्त वेळ मिळतो. मात्र त्यासाठी हेल्मेट डोक्याला घट्ट धरून बसलेले हवे. सैल हेल्मेट आदळताना फिरते, कधी निघूनही जाते. म्हणून चष्म्याच्या दांड्या मावाव्यात यासाठी एक माप मोठे घेणे ही चूक आहे.

मग काय करावे? भुवयांच्या थोडे वर, डोक्याच्या सर्वांत रुंद भागाभोवती टेप धरून माप घ्यावे. आधी हेल्मेट, मग चष्मा अशा क्रमाने घालून पाहावे. कानशिलाजवळच्या पॅडमध्ये दांड्यांसाठी खाच असलेली हेल्मेट मिळतात. पातळ, सरळ दांड्या सहज आत सरकतात, जाड व वळणदार दांड्या टोचतात. हनुवटी झाकणारा पुढचा भाग वर उचलता येणारे हेल्मेट चष्म्यासकट घालायला सोपे जाते, पण गाडी चालवताना तो भाग खाली करून बंद ठेवावा. हेल्मेट दहा-पंधरा मिनिटे डोक्यावर ठेवावे. कानशील दुखले किंवा चष्मा तिरका झाला, तर दुसऱ्या घडणीचे पाहावे. जागा करण्यासाठी आतला थर्मोकोल कधीही कापू नये. शेवटी पट्टा बांधून हेल्मेट मागून पुढे ढकलावे. ते निघता कामा नये.

काचांवर वाफ धरते ती श्वासामुळे. हवेची झडप उघडी ठेवावी, नाकाजवळ श्वास खाली वळवणारी पट्टी असल्यास उत्तम. सिग्नलला थांबल्यावर पुढची काच थोडी वर करावी.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ नुसार हेल्मेट बंधनकारक आहे आणि त्यावर आयएसआय चिन्ह असणे आवश्यक आहे. ते चिन्ह पाहावेच. पण दाबणारे हेल्मेट चार दिवसांत घरी राहते आणि घरी राहिलेल्या हेल्मेटवरचे चिन्ह कोणाला वाचवत नाही. म्हणून हेल्मेट घ्यायला जाताना आपला रोजचा चष्मा लावूनच जावे आणि दोन्ही नीट बसल्याशिवाय दुकानातून निघू नये.