खराट्याची पूजा : श्री संत गाडगे महाराज

गर्भागारातील पूजा जितकी पवित्र, तितकीच प्राकारातील झाडलोटही पवित्र होय, हे तत्त्व सर्वांस मान्य असले तरी व्यवहारात पहिल्या सेवेस मान व दुसरीस केवळ मजुरी मिळत आली आहे. हा भेद ज्या सत्पुरुषांनी आपल्या आचरणाने खोटा ठरविला, त्यांत श्री संत गाडगे महाराजांचे स्थान अग्रगण्य आहे.

त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुळात त्यांचा जन्म झाला. मद्याच्या व्यसनापायी वडील अकाली निवर्तले व माता सखूबाई लहानग्या डेबूजीस घेऊन दापुरे येथे माहेरी आल्या. मामांची गुरे राखणे व शेत कसणे हेच त्यांचे विद्यालय. पुढे विवाह झाला, मुलेबाळे झाली. परंतु १ फेब्रुवारी १९०५ रोजी सर्वसंगपरित्याग करून ते बाहेर पडले.

अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि मातीचे गाडगे. त्यातच खावे, त्यातच पाणी प्यावे. लोकांनी त्यावरूनच नाव दिले. गावात शिरताच ते कोणी न सांगता रस्ते झाडू लागत. दिवसा गाव झाडावे व रात्री कीर्तनाने गावकऱ्यांची मने, असा त्यांचा क्रम. वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत ते दारू, पशुबळी, ऋण काढून केलेले समारंभ व अस्पृश्यता यांवर कोरडे ओढीत. कोणास पाया पडू देत नसत. कोणास शिष्य केले नाही.

पंढरपुरी श्रीविठ्ठलमंदिराचे द्वार अस्पृश्य बांधवांस १९४७ साली उघडले. त्यापूर्वी तीस वर्षे, १९१७ साली, महाराजांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा उभारून त्या उपेक्षित यात्रेकरूंस निवारा दिला. पुढे ती वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेस अर्पण केली. नाशिक, देहू, आळंदी येथेही धर्मशाळा झाल्या. परंतु त्यांपैकी एकीवरही त्यांनी आपल्या कुटुंबाचा हक्क ठेवला नाही. १९२३ साली कोकणात कीर्तन चालू असता एकुलता पुत्र गोविंदा निवर्तल्याची वार्ता आली, तरीही कीर्तन खंडित झाले नाही. सेवेचे मोल त्यांनी असे चुकविले.

वैनगंगेकाठच्या बालाघाटातील मराठी भाविकांस हे चरित्र परके नाही. कारण वऱ्हाड व बालाघाट हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते. प्रांत विभागला गेला आणि त्यानंतर सातच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीनजीक वलगाव येथे महाराजांनी देह ठेवला. पुढे महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचे नाव दिले, अमरावतीच्या विद्यापीठासही ते लाभले.

तथापि नाव देणे सोपे, खराटा हाती घेणे कठीण. उत्सवात पालखीस खांदा देण्यासाठी अनेक पुढे येतात. महाप्रसादानंतर उष्ट्या पत्रावळी उचलण्यास मात्र मोजकेच उरतात. त्या मोजक्यांस देवस्थानाने पालखीच्या मानकऱ्यांइतकाच मान द्यावा, आणि मानकऱ्यांनीही कधी त्यांच्या पंक्तीस उभे राहावे. हीच त्या थोर सेवकास खरी आदरांजली होय.