पं. विष्णु नारायण भातखंडे आणि स्वरांची जागा



आजकाल बऱ्याच घरी डिजिटल पियानो किंवा कीबोर्ड दिसतो. एक बटण दाबले की पट्टी बदलते. काही वाद्यांत प्रत्येक स्वर किंचित चढवता-उतरवता येतो आणि युरोपातील जुनी स्वरसप्तकेही निवडता येतात. पण स्वराची नेमकी जागा कोणती, हा प्रश्न फार जुना आहे. त्याच्याशी आयुष्यभर झुंजलेल्या एका मराठी वकिलाचे चरित्र आपल्या मुलांना माहीत असावे, म्हणून हा लेख.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. शिकत असतानाच ते सतार शिकले. १८८७ मध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांनी वकिली सुरू केली. १९०० मध्ये पत्नी आणि १९०३ मध्ये एकुलती एक कन्या निवर्तली. त्यानंतर त्यांनी संसाराचा विचार सोडला, हळूहळू वकिलीही सोडली आणि स्वतःला संगीताला वाहून घेतले.

त्या काळी विद्या घराण्यांत बंद होती. उस्ताद गेला की त्याच्या चिजाही जात. भातखंडे यांनी देशभर प्रवास करून ग्रंथ अभ्यासले, गवयांकडून चिजा मिळवल्या आणि स्वरलिपीत लिहून ठेवल्या. अहोबलाच्या ‘संगीत पारिजात’ या ग्रंथात स्वरांच्या जागा तारेच्या लांबीवरून दिल्या आहेत. तार ३६ इंच धरली तर वरचा सा १८ इंचांवर, मध्यम २७ वर, पंचम २४ वर आणि गंधार ३० वर येतो. हा गंधार आज आपण कोमल म्हणतो तो आहे! म्हणजे जुने शुद्ध सप्तक आजच्या काफीसारखे होते. शास्त्र आणि चालू गायकी यांत एवढे अंतर पडलेले पाहून त्यांनी बिलावल हे शुद्ध सप्तक मानले, बारा स्वर घेतले आणि राग दहा थाटांत बसवले.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांचे मत वेगळे होते. त्यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले आणि न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्या साथीने श्रुती हार्मोनियम तयार करवून घेतले. त्यांची तक्रार खरीच होती. साध्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. सप्तकाचे १२०० सेंट मानले, तर पेटीचा शुद्ध गंधार ४०० वर येतो आणि तंबोऱ्याशी जुळणारा सुमारे ३८६ वर. १९१६ मध्ये बडोद्याच्या संगीत परिषदेत यावर चर्चा झाली. गवयांचे स्वर रागाप्रमाणे हलतात, त्यांना बावीस पक्क्या जागी खिळवता येणार नाही, अशी भातखंडे यांची बाजू होती.

माझ्या मते दोघांचेही म्हणणे विचार करण्यासारखे आहे. बारा स्वरांमुळे सामान्य घरातील मुलगाही पुस्तक उघडून राग शिकू लागला, हा मोठा लाभ. पण जो केवळ पेटीवरच कान तयार करतो, त्याला ते चौदा सेंट कधी कळतच नाहीत.

ग्वाल्हेरवर तर त्यांचे ऋणच आहे. महाराज माधवराव शिंदे यांनी येथील गायकांना ही पद्धत शिकण्यासाठी मुंबईस पाठविले. त्यांत राजाभैया पूछवाले होते. जानेवारी १९१८ मध्ये येथे माधव संगीत विद्यालय सुरू झाले. पुढे १९२६ मध्ये लखनौचे मॅरिस कॉलेज उभे राहिले. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’ त्यांनी मराठीतच लिहिली, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट. अखेरची वर्षे अर्धांगवायूने अंथरुणावर गेली आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

पालकांना एक विनंती. घरी कीबोर्ड असेल तर मुलाच्या गळ्याला सोयीची पट्टी लावून द्या, वाद्याच्या पट्टीसाठी मुलाचा गळा ताणू नका. रोज दहा मिनिटे कीबोर्ड बंद ठेवून तंबोऱ्याबरोबर सा आणि गंधार लावायला सांगा. आणि मुलांनो, गंधार तंबोऱ्यात मिसळला की नाही, हे वाद्याला नाही, आपल्या कानाला विचारा.